कोळशाच्या काट्यावरचा कृषिमंत्री

गेल्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आले होते. आम्ही दक्षिण यॉर्कशरमध्ये डॉनकास्टरजवळ राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर स्क्रीनसमोर. अण्णा नाशिक जिल्ह्यातले कांदा उत्पादक. त्यांना ना मॉलमध्ये रस, ना लंडन आयमध्ये. रोज सकाळी उठून गावाबाहेरच्या शेताच्या कडेने चालत जायचे आणि गव्हाची ओंबी हातात चोळून बघायचे.

तिथेच त्यांची एका शेतकऱ्याशी ओळख झाली. गहू, सरसूसारखं तेलाचं पीक आणि थोड्या मेंढ्या असं त्याचं काम. एका रविवारी मी दुभाष्या म्हणून सोबत गेलो. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, गव्हाला भाव काय मिळतो? त्याने भाव सांगितला आणि सहज पुढे जोडलं, की निव्वळ त्या भावावर कुणाचं घर चालत नाही. इतकी वर्षं सरकारकडून जमिनीच्या क्षेत्रफळावर पैसे यायचे, हेक्टरी साधारण २३० पौंड. आता ते दरवर्षी कमी होत चाललेत आणि २०२७ नंतर पूर्ण बंद होणार.

मी भाषांतर केलं. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. घरी येताना त्यांनी मला विचारलं, की या लोकांना सरकार पैसे का देत होतं? हे गरीब थोडेच आहेत? आणि सुरुवात केली कुणी?

मला उत्तर येत नव्हतं. बारा वर्षं या देशात राहून, इथलाच ब्रेड खाऊन, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शोधत गेलो, तेव्हा पत्ता आमच्या घरापासून थोड्याच मैलांवर निघाला. बार्नबरा नावाचं छोटं गाव. या गावाचं नाव स्वतःच्या किताबात घेऊन मेलेला एक माणूस, टॉम विल्यम्स. १९४५ ते १९५१ या काळात ब्रिटनचा कृषिमंत्री. इथल्या शेतकऱ्यांना कायद्याने भावाची हमी मिळाली ती त्याच्या हातून. आणि हा माणूस शेतकरी नव्हता, तर कोळशाच्या खाणीतला मजूर होता. अण्णांना त्याची गोष्ट मी दोन-तीन संध्याकाळी बसून सांगितली. तीच इथे लिहितो आहे.

टॉम विल्यम्सचा जन्म १८ मार्च १८८८ चा, डर्बीशरमधल्या ब्लॅकवेल गावचा. वडील खाणकामगार, घरात मुलांचा गोतावळा. टॉम लहान असतानाच कुटुंब यॉर्कशरमध्ये रॉदरहॅमजवळच्या स्विंटनला आलं. तो सगळा पट्टा तेव्हा कोळशाचा. खाण असेल तिथे वस्ती, वस्ती असेल तिथे धूर. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं. आपल्याकडे सातवी-आठवीत जातात त्या वयात तो खाणीच्या कामाला लागला होता. पुढे कधी कॉलेजची पायरी चढून पदवी घेतल्याचं त्याच्या नावावर नाही.

त्या खाणींमधलं आयुष्य कसं होतं याची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो. बार्नबराच्या जवळच केडबी नावाची खाण होती. ९ जुलै १९१२ ला तिथे स्फोट झाला. आत अडकलेल्यांना काढायला बचावाची माणसं उतरली आणि दुसरा स्फोट झाला. एकूण ९१ माणसं गेली. त्याच दिवसांत इंग्लंडचा राजा या भागाच्या दौऱ्यावर होता. टॉम तेव्हा चोवीस वर्षांचा. या परगण्यातल्या प्रत्येक घरात त्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

पुढे तो बार्नबराच्या खाणीवर चेकवेमन झाला. हा शब्द मला नवीन होता. अण्णांना मात्र समजावून सांगावा लागला नाही.

त्याचं असं, की खाणकामगाराला पगार दिवसावर नाही, तर त्याने फोडलेल्या कोळशाच्या वजनावर मिळायचा. भरलेली गाडी वर यायची, काट्यावर चढायची आणि मालकाचा माणूस वजन लिहायचा. त्यात दगड-माती निघाली म्हणून कटती. वजन कमी लिहिलं, कटती जास्त लावली, तर खाली जमिनीच्या पोटात राबणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. म्हणून कामगार भांडले. १८६० च्या कायद्याने त्यांना हक्क मिळाला, की त्या काट्याशेजारी आपलाही एक माणूस उभा करायचा. तो निवडायचा कामगारांनी आणि त्याचा पगारही द्यायचा कामगारांनीच. तो मालकाचं ऐकून घेणारा नसावा, हिशेबाला पक्का असावा आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास असावा. तो चेकवेमन.

हे सांगत असताना अण्णा मध्येच हसले. आमच्या लहानपणी एका बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो, ते त्यांना आठवलं. मलाही आठवलं. घरच्या काट्यावर भरलेलं वजन आणि तिथल्या पावतीवरचं वजन यांत चांगलाच फरक होता. वरून माती-पाल्याची कटती, हमाली, तोलाई. अण्णांनी विचारलं तर मापाड्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी तेव्हा सहावीत होतो. आपल्या बापाला कुणीतरी मोजत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या काट्याशेजारी आमच्या बाजूचा माणूस नव्हता.

टॉम विल्यम्स हा असा काट्याशेजारचा माणूस होता. मला वाटतं, त्याचं पुढचं सगळं राजकारण समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे.

चेकवेमन झालेला माणूस आपोआप गावाचा पुढारी व्हायचा. पहिलं महायुद्ध संपता संपता तो गोरगरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळावर गेला, मग नगर परिषदेवर. आणि १९२२ च्या निवडणुकीत मजूर पक्षातर्फे डॉन व्हॅली मतदारसंघातून खासदार झाला. त्यानंतर तो १९५९ मध्ये स्वतःहून थांबेपर्यंत, म्हणजे सलग ३७ वर्षं, त्या लोकांनी दुसऱ्या कुणाला निवडलं नाही.

तो पार्लमेंटात पोचला त्याच्या आदल्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या, त्या इथे सांगायला हव्यात. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा सरकारला आपल्या शेतकऱ्याची आठवण झाली. १९१७ मध्ये कायदा करून गहू आणि ओट यांना किमान भावाची हमी दिली. शेतमजुरालाही किमान मजुरी ठरवून दिली. युद्ध संपलं, जगात धान्याचे भाव कोसळले आणि हमी पाळायची वेळ आली, तसं सरकारने १९२१ मध्ये तो कायदाच रद्द केला. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या होत्या. ते बुडाले. मजुरांची मजुरी पार खाली आली. इथल्या शेतकरी घरांत त्या घटनेला दगा म्हणूनच ओळखतात. त्याच १९२१ मध्ये, युद्धकाळात सरकारी ताब्यात असलेल्या कोळशाच्या खाणीही मालकांना परत दिल्या गेल्या. मालकांनी मजुरी कापली, कामगार कबूल होईनात, तेव्हा टाळं ठोकलं. तीन महिने चूल कशी पेटवायची या विवंचनेत खाणकामगार होते आणि शेवटी कमी मजुरीवर परत गेले.

म्हणजे शेतकरी आणि खाणकामगार दोघांनाही एकाच वर्षी एकच धडा मिळाला. गरज असेपर्यंतची हमी ही हमी नसते. टॉमच्या मनात हे दोन्ही धागे तेव्हाच जुळले असतील, असा माझा आपला तर्क आहे. एवढं मात्र खरं, की १९२४ मध्ये मजूर पक्षाचं पहिलं सरकार आलं तेव्हा तो कृषिमंत्री नोएल बक्स्टन यांचा संसदीय सहायक झाला. त्या अल्पजीवी सरकारने शेतमजुरांची मजुरी जिल्हावार समित्यांमार्फत ठरवण्याचा कायदा पुन्हा आणला. खाणीतून आलेल्या माणसाचा शेतीशी संबंध आला तो असा. तिथून पुढे तो विषय त्याने सोडला नाही. शहरी कामगारांच्या पक्षात शेतीवर बोलणारे कमी, त्यामुळे तिसाच्या दशकात शेतीचा प्रश्न निघाला की पक्षातर्फे टॉम विल्यम्स उभा राहणार हे ठरूनच गेलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९३९ मध्ये ब्रिटन आपल्या एकूण अन्नापैकी जेमतेम एक तृतीयांश स्वतः पिकवत होता. बाकी सगळं जहाजांवर. मे १९४० मध्ये चर्चिलचं सर्वपक्षीय सरकार बनलं, त्यात टॉम कृषी खात्याचा उपमंत्री झाला आणि युद्ध संपेपर्यंत राहिला. प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, युद्धकाळापुरती एक शेती समिती नेमली गेली. बहुतेक सभासद तिथलेच शेतकरी. कुठलं कुरण नांगरायचं, कुठे बटाटे लावायचे, ट्रॅक्टर कुणाला, खत किती, हे ती समिती ठरवायची. जो करणार नाही त्याची जमीन काढून दुसऱ्याला द्यायचा अधिकारही तिला होता. कारखान्यातल्या, दुकानातल्या मुली शेतकामाला आल्या. त्यांच्या दलाची संख्या ८० हजारांच्या वर गेली. सुमारे ६० लाख एकर गवताची जमीन नांगराखाली आली. देश उपाशी राहिला नाही. आणि या वेळी सरकारने शब्द दिला होता, की भावाची हमी युद्ध संपल्यानंतरही लगेच काढून घेणार नाही.

प्रश्न होता तो शब्द पाळणार कोण. १९४५ मध्ये ॲटलींचं मजूर सरकार प्रचंड बहुमताने आलं आणि कृषिमंत्री झाला टॉम विल्यम्स. अनेक जमीनदारांच्या पोटात गोळा आला असणार. कारण जमिनीचं राष्ट्रीयीकरण हे त्याच्या पक्षाचं जुनं धोरण. त्याच्या स्वतःच्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण त्या सरकारने १ जानेवारी १९४७ ला केलंसुद्धा. जमिनीला मात्र हात लावला नाही. त्याने वेगळा रस्ता धरला.

तोही कसल्या दिवसांत! युद्ध जिंकलेल्या देशात जुलै १९४६ मध्ये ब्रेडवर रेशन आलं. युद्धाच्या काळात ते कधी आलं नव्हतं. १९४७ च्या जानेवारी अखेरीस सुरू झालेला बर्फ मार्चच्या मध्यापर्यंत हटला नाही. डोंगरातल्या मेंढ्या लाखोंनी गाडल्या गेल्या. बर्फ वितळला आणि पूर आले; आमच्या यॉर्कशरमधलं सेल्बी शहर पाण्याखाली गेलं. बाहेरून धान्य आणायचं तर डॉलर हवेत आणि तिजोरीत डॉलर नव्हते.

त्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९४७ ला, त्याचा शेती कायदा मंजूर झाला. आपल्याकडे लाल किल्ल्यावर तिरंगा फडकायला तेव्हा नऊ-दहा दिवस होते.

कायद्याचं काम साधं होतं, म्हणून टिकलं. गहू, बार्ली, ओट, राय, बटाटा, शुगर बीट, दूध, अंडी आणि मांसाची जनावरं यांना ठरलेला भाव आणि खात्रीचं गिऱ्हाईक. पिकांचा भाव कापणीच्या साधारण अठरा महिने आधी जाहीर करायचा, म्हणजे पेरताना शेतकऱ्याला माहीत, की हाती काय येणार. दूध-जनावरांना तर दोन ते चार वर्षं पुढचा किमान भाव. आणि हा भाव मंत्र्याच्या मर्जीने ठरवायचा नाही. दर फेब्रुवारीत सरकारचे अधिकारी आणि राष्ट्रीय शेतकरी संघाची माणसं समोरासमोर बसणार. मध्ये टेबलावर हिशेबाच्या वह्या. बियाणं किती महागलं, खत किती, मजुरी किती वाढली, शेतकऱ्याच्या हातात शेवटी काय उरलं. यासाठी विद्यापीठांकडून प्रत्यक्ष शेतांचे हिशेब गोळा केलेले असत. संघाचे अध्यक्ष जेम्स टर्नर हेही दक्षिण यॉर्कशरचेच. एका बाजूला खाणकामगार मंत्री, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांचा पुढारी, आणि दरवर्षी घासाघीस.

मला यात तोच काटा दिसतो. मालकाचा माणूस एका बाजूला आणि राबणाऱ्यांनी नेमलेला माणूस दुसऱ्या बाजूला. आकडा दोघांनी मिळून बघायचा. फरक एवढाच, की या वेळी टॉम विल्यम्स सरकारच्या बाजूला बसला होता आणि शेजारी दुसऱ्याचा चेकवेमन बसू देत होता.

पण हमी फुकट नव्हती. कायद्याच्या दुसऱ्या भागात अट होती. शेतकऱ्याने जमीन नीट कसली पाहिजे आणि जमीनदाराने बांध, पाणी, गोठे नीट ठेवले पाहिजेत. नाही केलं तर काउंटीची समिती देखरेखीखाली ठेवणार. तरीही सुधारला नाही तर जमीन सोडावी लागणार. कुळांना संरक्षण मिळालं. जमीनदाराला मनात येईल तेव्हा कुळ काढता येईना. त्याआधीच, १९४६ मध्ये, डोंगराळ शेतांच्या सुधारणेला निम्मा खर्च देणारा कायदा आणि शेतकऱ्याला फुकट सल्ला देणारी सरकारी सेवा सुरू झाली होती. म्हणजे हे दान नव्हतं. तो एक करार होता. तुम्ही देशाला पोसा, आम्ही तुम्हाला बुडू देणार नाही.

अण्णांना हा भाग सांगताना ते सरळ बसले होते. त्यांनी मला हे दोनदा सांगायला लावलं.

शहरातल्या लोकांना हे आवडलं का? सगळ्यांना नाही. एप्रिल १९५० मध्ये अन्न खात्याचे उपमंत्री स्टॅन्ली इव्हान्स जाहीरपणे बोलले, की आपला देश शेतकऱ्यांचे फार लाड करतो, त्यांना पिसांच्या गादीवर झोपवतो. मजूर पक्षाचाच मंत्री आणि पदावर येऊन जेमतेम काही आठवडे झालेले. एकच गदारोळ उठला. टॉम विल्यम्सचं सगळं धोरणच त्याने मोडीत काढलं होतं. ॲटलींनी इव्हान्सना घरी पाठवलं. पण ती पिसांची गादी काही गेली नाही. आजही इथे शेतीच्या अनुदानावर वाद झाला, की तो शब्द कुणाच्या तरी तोंडी येतोच.

१९५१ मध्ये मजूर पक्ष हरला. चर्चिलचा पक्ष परत आला. गंमत म्हणजे त्यांनी टॉमची हमी मोडली नाही. पुढे रेशन उठल्यावर पद्धत बदलली इतकंच. बाजारातला सरासरी भाव आणि हमीचा भाव यांतला फरक सरकार शेतकऱ्याला देऊ लागलं, त्यामुळे दुकानात अन्न स्वस्त राहिलं आणि शेतकरीही तगला. शेतीचं उत्पादन तोवर युद्धापूर्वीच्या जवळपास दीडपट झालं होतं. ज्या शेतकऱ्यांनी आयुष्यात कधी मजूर पक्षाला मत दिलं नाही, तेसुद्धा या खाणकामगाराला आपला सर्वांत चांगला मंत्री मानत. १९६१ मध्ये त्याला लॉर्ड केलं, तेव्हा त्याने किताबात नाव घेतलं बार्नबराचं, ज्या गावच्या खाणीवर तो काट्याशेजारी उभा राहायचा. १९६५ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि मार्च १९६७ मध्ये तो गेला. तेव्हा वय ७९.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण अण्णांचा पहिला प्रश्न उरतोच, की जे गरीब नाहीत त्यांनाही पैसे का?

खरं सांगायचं तर त्या कायद्यात याचं बीज होतं. हमी पोत्यामागे होती, म्हणजे ज्याची पोती जास्त त्याला फायदा जास्त. मोठा आणखी मोठा झाला. जास्त पिकवण्याच्या नादात बांधावरची झुडपांची कुंपणं उपटली गेली, ओलसर कुरणं कोरडी केली गेली, पाखरं कमी झाली. लहान शेतकरी तरीही हळूहळू कमी होतच गेला. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपच्या बाजारात गेला आणि टॉमची पद्धत संपली. युरोपच्या पद्धतीने लोण्याचे डोंगर उभे राहिले, मग दुधावर कोटा आला, आणि शेवटी पैसे पिकाऐवजी जमिनीच्या क्षेत्रफळावर मिळू लागले. तुम्ही काय पिकवता, किती राबता याच्याशी संबंध उरला नाही. ज्याच्याकडे हजार हेक्टर त्याला हजार हेक्टरचे. करारातली अट विरघळत गेली आणि नुसता चेक राहिला. आता ब्रेक्झिटनंतर २०२० च्या नव्या कायद्याने इंग्लंडमध्ये तो चेकही टप्प्याटप्प्याने बंद होतोय. त्याऐवजी माती, पाणी, पाखरं सांभाळली तर पैसे, असं धोरण आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वारसा कराविरुद्ध हजारो शेतकरी लंडनच्या व्हाइटहॉलवर उतरले होते, ते आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्या रागात या आटणाऱ्या चेकचीही धग होती.

आणि आपल्याकडे? टॉम विल्यम्स पायउतार झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकलेले आपले पंजाबराव देशमुख भारताचे कृषिमंत्री झाले. हमीभाव सुचवणारा आयोग मात्र १९६५ मध्ये आला. आज केंद्र सरकार २२ पिकांना हमीभाव जाहीर करतं. कांदा त्यात नाही. गंमत बघा, टॉमच्या १९४७ च्या यादीतही भाजीपाला नव्हता, म्हणजे कांदा इथेही बाहेरच होता. पण इथल्या भाजीवाल्या शेतकऱ्याला निदान आयातीवरच्या जकातीचा आडोसा होता. आमच्या कांद्याचा भाव जरा वर आला, की निर्यात बंद होते. डिसेंबर २०२३ मध्ये झाली तशी.

आता घरचं सांगतो, कारण हा लेख लिहायचं खरं कारण ते आहे.

अण्णा इथे यायच्या आधी आमच्यात फोनवर खटके उडत होते. सलग दुसऱ्या वर्षी कांद्याने उत्पादन खर्च काढला नव्हता. दादा, माझा मोठा भाऊ, शेती बघतो. तो कंटाळला होता. मी सांगत होतो, दोन एकर विकून टाका. मी दर महिन्याला पैसे पाठवतोच आहे, अजून पाठवीन. त्यात काय एवढं? अण्णा त्यावर काही बोलायचे नाहीत, फोन आईकडे द्यायचे. मला वाटायचं, हट्टीपणा आहे.

परत जायच्या आदल्या रात्री ते बोलले. मुलाने पाठवलेले पैसे मला गोड लागतात, पण तो कांद्याचा भाव नाही, असं काहीसं ते म्हणाले. मी काय पिकवतो ते कुणीतरी मोजलं पाहिजे, मग पैसे कमी आले तरी चालतील. टॉम विल्यम्सची गोष्ट त्यांना कशी कळली होती, ते मला तेव्हा समजलं. मी पाठवत होतो तो चेक होता. त्यात करार नव्हता.

मला शेती येत नाही. हिशेबाचं शीट बनवता येतं. अण्णा गेल्यावर मी एक एक्सेल शीट तयार केलं आणि दादाला मोबाईलवर पाठवलं. रोप, खत, औषध, मजुरी, गाडीभाडं, हमाली, कटती. सगळं रोजच्या रोज भरायचं. या फेब्रुवारीत आम्ही तिघे व्हिडिओ कॉलवर बसलो आणि आमची आमची वार्षिक बैठक घेतली. एक रकाना रिकामा होता. घरच्या माणसांची मेहनत. सरकारी आयोगसुद्धा खर्चात घरच्यांची मजुरी धरतो, मग आपण का नको? अण्णा म्हणाले, ती कुठे कुणी धरतं. मी हट्टाने भरायला लावली. आई, वहिनी, दादा, अण्णा, प्रत्येकाचे दिवस. आकडा आला तेव्हा दादा कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. इतकी वर्षं तोटा वाटत होता त्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता. आणि आईचे दिवस सगळ्यांत जास्त निघाले. तिचे तर आजवर कुणी मोजलेच नव्हते, आम्हीसुद्धा.

शीटने भाव वाढत नाही, हे मला कळतं. जमीन विकायचा विषय संपलेला नाही. यंदा अर्ध्या क्षेत्रात कांद्याऐवजी मका आणि हरभरा घ्यायचं ठरलंय, पुढचं पुढे. पण मी आता विकून टाका म्हणत नाही. त्या शीटचा कागद काढून दादा गावातल्या शेतकरी गटाच्या बैठकीला घेऊन गेला. आणखी सहा घरांनी तसाच हिशेब ठेवायला घेतलाय.

मागच्या रविवारी मी एकटाच बार्नबराला जाऊन आलो. खाण १९८९ मध्ये बंद झाली. तिथे आता काही दिसत नाही, गवत आणि झाडं आहेत. गावाभोवती गहू उभा होता. मी एक ओंबी तोडून हातावर चोळली, फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन. दाणा भरलाय म्हणाले, आणि विचारलं, यंदा भाव काय आहे तिथे?